४४,१०० चं कोडं

गाण्याच्या सीडीवर एका सेकंदाचा आवाज ४४,१०० आकड्यांत साठवलेला असतो. डाव्या कानासाठी तेवढे आणि उजव्या कानासाठी तेवढे. पण हाच आकडा का? ४०,००० का नाही, ५०,००० का नाही? मी जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. विज्ञानाच्या मास्तरांच्या प्रांतात शिरायची मला सवय नाही. पण असा वेडावाकडा आकडा समोर आला की इतिहासाच्या मास्तराला राहवत नाही. गोल आकडे माणसं बसून ठरवतात, वेडेवाकडे आकडे परिस्थिती ठरवते, असा माझा अनुभव आहे. म्हणून या आकड्याच्या मागे लागलो. त्याला एक घरगुती कारणही होतं, ते पुढे येईलच.

सीडीच्या आधी तबकडीचा आकडा पाहू. आमच्या पिढीतल्या लोकांना रेकॉर्ड प्लेअरवरचं ते बटण आठवत असेल: १६, ३३, ४५, ७८. घरात मोठं कुणी नसलं की ३३ ची तबकडी ७८ वर लावायची आणि गायकाचा उंदीर झालेला ऐकून लोळून हसायचं, हा खेळ ज्या घरात प्लेअर होता त्या प्रत्येक घरात झाला असणार. त्या खेळात एक मोठी गोष्ट दडलेली होती. आवाज साठवला तेव्हाचा वेग आणि ऐकतानाचा वेग एकच हवा. नाहीतर माणूस बदलतो.

हा ७८ सुद्धा कुणी विचार करून काढलेला नाही. १९०२ च्या अखेरीस फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान आणि इतर कलावंतांचं ध्वनिमुद्रण केलं. मेणावर उमटलेलं गाणं बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, तिथे तबकड्या व्हायच्या आणि मग त्या परत इकडे यायच्या. हॅनोव्हरच्या कामगारांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून गायिका शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगे. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. त्या काळी तबकडी किती वेगाने फिरवायची याचा पक्का नियम नव्हता. कुणी सत्तरच्या घरात, तर कुणी ऐंशीच्या आसपास. यंत्र किल्लीचं आणि वेग जमवायचा हाताने.

पुढे विजेच्या मोटारी आल्या. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० वेळा दिशा बदलून परत येते. तिथली मोटार मिनिटाला ३,६०० फेरे घेई. तिला ४६ दात्यांची चक्री लावली की ३,६०० भागिले ४६, म्हणजे ७८.२६ फेरे. आपल्याकडे आणि इंग्लंडात वीज ५० ची, म्हणून तिकडचा वेग ७७.९२ पडला. दोन्हींना मिळून सगळे ७८ म्हणू लागले. म्हणजे संगीताच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध आकडा संगीतातून आला नाही, तो विजेच्या खांबावरून आला.

त्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. तास तास चालणारा ख्याल त्यात कोंबायचा कसा, हा आपल्या गवयांपुढचा प्रश्न होता. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब यांनी तो किती देखणेपणाने सोडवला हे १९३० च्या दशकातल्या त्यांच्या तबकड्या ऐकणाऱ्याला सांगायला नको. पण भास्करबुवा बखले १९२२ साली गेले आणि अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली, आणि या दोघांचाही आवाज आज आपल्यापाशी नाही. वर्णनं आहेत, शिष्यपरंपरा आहे, पण आवाज नाही. तबकडीला नावं ठेवताना मला हे नेहमी आठवतं. तीन मिनिटं तर तीन मिनिटं, उरलं ते उरलं.

आता आपल्या मूळ आकड्याकडे. आवाज म्हणजे हवेची थरथर. तबकडीवर ती थरथर जशीच्या तशी खाचेत कोरली जाते. डिजिटल पद्धतीत मात्र तिची ठरावीक अंतराने मोजदाद होते. तापाच्या रोग्याचा ताप परिचारिका दर दोन तासांनी मोजून तक्त्यावर टिंबं देते आणि मग टिंबं जोडून आलेख काढते, तसंच हे. फक्त इथे टिंबं सेकंदाला हजारोंनी आहेत. मोजणी किती दाट हवी, याचा हिशेब हॅरी नाइक्विस्ट यांनी १९२८ साली मांडायला सुरुवात केली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली तो नीट सिद्ध करून दिला. थोडक्यात असं: जेवढी बारीक थरथर पकडायची तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं पाहिजे. माणसाच्या कानाला फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येतं (आमच्या वयात त्याच्या निम्म्यावर समाधान मानायचं). म्हणजे ४०,००० हून थोडी जास्त मोजणी हवी. इथपर्यंत विज्ञान. पुढचे ४,१०० कुठून आले, तो इतिहास.

१९७० च्या दशकात आवाज आकड्यांत साठवायचा म्हटलं तर ठेवायचा कुठे हाच प्रश्न होता. सीडीच्या हिशेबाने एका सेकंदाला चौदा लाखांहून जास्त शून्य-एक लागतात. तासाभराच्या गाण्याला सहाशे मेगाबाइटच्या वर जागा लागते. आज खिशातल्या फोनला याचं काही वाटत नाही, पण तेव्हाच्या संगणकाच्या तबकड्यांना हे ओझं झेपणारं नव्हतं. एवढी माहिती भराभर लिहू शकेल असं एकच यंत्र सहज मिळण्याजोगं होतं, ते म्हणजे व्हिडिओ टेप रेकॉर्डर. मग सोनीच्या लोकांनी युक्ती केली. आवाजाच्या आकड्यांचं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र करायचं आणि ते टीव्हीचं चित्र म्हणून व्हिडिओ टेपवर उतरवायचं. यंत्राला वाटे आपण चित्रच टिपतो आहोत.

आता टीव्हीचं चित्र आडव्या रेघांनी बनतं. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला ६० अर्धचित्रं आणि प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ रेघा. एका रेघेत आवाजाचे ३ नमुने बसवले. ६० गुणिले २४५ गुणिले ३ करून पाहा: ४४,१००. युरोपच्या पद्धतीत, आणि आपल्या दूरदर्शनच्याही, सेकंदाला ५० अर्धचित्रं. तिथे २९४ रेघा घेतल्या. ५० गुणिले २९४ गुणिले ३: पुन्हा ४४,१००! दोन्ही जगांत चालणारा आकडा सापडला. रंगीत टीव्हीत अर्धचित्रं नेमकी ६० नसून ५९.९४ असतात, म्हणून सोनीच्या १९७७ सालच्या घरगुती यंत्रात तो ४४,०५६ होता, तेवढं सोडा. १९८० साली फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून सीडीचे नियम ठरवले तेव्हा ४४,१०० कायम झाला आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिल्या सीडी विक्रीला आल्या. टीव्हीचं ऋण असं प्रत्येक सीडीवर कोरलेलं आहे. आणि ७८ प्रमाणेच इथेही मुळाशी आहे ते ५० आणि ६० च्या विजेचं भांडण, कारण टीव्हीची अर्धचित्रं विजेच्याच तालावर ठरली होती.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण नभोवाणी, चित्रपट आणि व्हिडिओवाल्यांनी दुसरा आकडा धरला, ४८,०००. त्यांचंही बरोबर होतं. चित्रपटाची सेकंदाला २४ चित्रं, म्हणून चित्रामागे नेमके २,००० नमुने. आपल्या टीव्हीची २५ चित्रं, म्हणून नेमके १,९२०. सगळं पूर्णांकात. १९८७ साली डॅट नावाची छोटी डिजिटल टेप आली तीही मुख्यतः ४८,००० वर चाले. सीडीची हुबेहूब नक्कल कुणी करू नये म्हणून रेकॉर्ड कंपन्यांना हा वेगळा आकडा सोयीचाच वाटला. पुढे हातातले व्हिडिओ कॅमेरे आले, डीव्हीडी आली, सगळी ४८,००० ची. आणि सीडी मात्र हटून बसली. ती ४४,१०० सोडून दुसरं काही वाजवतच नाही.

एक रुळावर मीटरगेज आणि शेजारी ब्रॉडगेज असावं तशी ही स्थिती. मिरजेच्या स्टेशनात माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवत असत, ते जुन्या लोकांना आठवेल. आवाजाच्या बाबतीत ती हमाली संगणकाला करावी लागते.

आता घरगुती कारण सांगतो. माझी थोरली बहीण, आमची आक्का, जुन्नरकडे दिली होती. तिला जात्यावरच्या ओव्या किती येत याचा हिशेब नव्हता. गावात पिठाची गिरणी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, जातं कोपऱ्यात गेलं होतं. १९८३ च्या दिवाळीत आम्ही सगळे जमलो असताना भाच्याने टेपरेकॉर्डर भिंतीतल्या खुंटीला जोडला आणि आक्काला जात्यावर बसवलं. नुसतं बसून गायला तिला जमेना, हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही म्हणाली. म्हणून मूठमूठ ज्वारी घालून ती खरोखरच दळत होती. कॅसेटमध्ये तिच्या आवाजाखाली जात्याची घरघर आहे आणि मधे एकदा कुणाला तरी "अगं, पीठ सांडतंय" असं ओरडलेलीही आहे. आक्का १९९१ मध्ये गेली. तिचा आवाज जगात एवढाच.

कॅसेट झिजायला लागली तेव्हा भाच्याच्या मुलाने ती संगणकात उतरवून घेतली. ती फाइल त्याने आमच्या भागातल्या एका दुकानात देऊन तिच्या दहा-बारा सीड्या करून घेतल्या आणि नातेवाइकांत वाटल्या. आमच्याकडे तुळिंजला ती सीडी लावली तेव्हा ओव्या त्याच, शब्द तेच, पण बाई दुसरीच. आवाज जड, थकलेला, जातं ओलं झाल्यासारखं सावकाश फिरतंय. माझी धाकटी बहीण ऐकता ऐकता उठून स्वयंपाकघरात गेली. "ही आपली आक्का नाही," एवढंच म्हणाली. मुलं म्हणाली, जुनी कॅसेट आहे, असंच असणार. एवढ्या वर्षांनी तुम्हाला आवाज कुठला नेमका आठवतोय!

आठवणीवर विश्वास ठेवायचा की यंत्रावर, हा प्रश्न इतिहासाच्या मास्तराला नवा नाही. साधनं ताडून पाहायची. भाच्याच्या मुलाला फोन करून विचारलं, तुझ्या संगणकात ही फाइल किती लांबीची? तो म्हणाला, २४ मिनिटं ३० सेकंद. सीडी प्लेअर दाखवत होता २६ मिनिटं ४० सेकंद. सेकंद केले: १,४७० आणि १,६००. मग मी त्याला विचारलं, फाइल कोणत्या दराने साठवलीस? ४८,०००, असं तिथे लिहिलेलं होतं.

सातवीच्या गणितात शिकवतात तो मसावि काढून पाहा. ४८,००० आणि ४४,१०० यांचा मसावि ३००. भागून उरतात १६० आणि १४७. आमच्या सेकंदांचं प्रमाणही १,६०० ला १,४७०, म्हणजे १६० ला १४७. चोर सापडला! दुकानात आकडे तसेच ठेवून वर फक्त चिठ्ठी बदलली होती. जिथे सेकंदाला ४८,००० आकडे वाजायला हवे होते तिथे सीडी इमाने इतबारे ४४,१००च वाजवत होती. वेग आठ टक्क्यांनी कमी. स्वर जवळजवळ दीड श्रुतीने नव्हे, चांगला दीड अर्धस्वराने खाली. पेटीवर सांगायचं तर काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसली होती, जिथे पेटीला पट्टीच नाही.

आणखी एक साक्षीदार निघाला, आणि तो मला सर्वांत आवडला. टेपरेकॉर्डर विजेवर चालला असेल तर त्यात विजेची बारीक गुणगुण उतरते. आपल्याकडे ती ५० च्या आसपास. मुलाने संगणकावर आलेख काढून पाहिला. चुकीच्या सीडीत ही गुणगुण ४५-४६ वर होती, त्याच्या मूळ फाइलमध्ये ४९-५० वर. म्हणजे मूळ फाइल खरी. १९८३ साली जुन्नरच्या त्या खांबावरून आलेल्या विजेने चाळीसएक वर्षांनी साक्ष दिली आणि माझ्या धाकट्या बहिणीचा कान खरा ठरवला.

मग योग्य रूपांतर करायचं म्हणजे काय? इथे लसावि कामाला येतो. ४८,००० आणि ४४,१०० यांचा लसावि ७०,५६,०००. तत्त्वतः पद्धत अशी: प्रत्येक दोन नमुन्यांच्या मधे आणखी टिंबं कल्पून १४७ पट दाट आलेख करायचा, म्हणजे सेकंदाला सत्तर लाख छप्पन्न हजार टिंबं होतात. मग त्यातलं दर १६० वं टिंब उचलायचं. उरतात बरोबर ४४,१००. प्रत्यक्षात संगणक एवढी सगळी टिंबं मांडत बसत नाही, जी उचलायची तेवढीच काढतो, पण हिशेब तोच. वेळ तेवढाच राहतो, स्वर तोच राहतो, फक्त मोजणीची ठिकाणं बदलतात.

यात एक पथ्य मात्र पाळावं लागतं. ४४,१०० च्या मोजणीत २२,०५० कंपनांपलीकडचं काही मावत नाही. ते आधी गाळून टाकलं नाही तर ते नाहीसं होत नाही, वेषांतर करून आत शिरतं. २३,००० कंपनांचा, कुणालाच ऐकू न येणारा आवाज ४४,१०० वजा २३,००० म्हणजे २१,१०० चा होऊन बसतो. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तोच प्रकार. चित्रं पुरेशा वेगाने न टिपल्यामुळे डोळा फसतो, इथे कान. म्हणून आधी गाळणी, मग निवड. आपल्या आजीच्या पुरणयंत्राचा नियमच म्हणा.

चांगल्या संगणकप्रणाली हे सगळं आपोआप करतात. पण त्यांनाही आत आलेल्या आवाजाचा आकडा खरा कळावा लागतो. तो हरवला किंवा चुकीचा लिहिला की सगळी हुशारी वाया.

आक्काच्या निमित्ताने ओव्यांकडे लक्ष गेलं म्हणून सांगतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. फ्रान्सचे संगणकतज्ज्ञ आणि संगीताभ्यासक बर्नार्ड बेल त्यांच्याबरोबर काम करू लागले आणि हजारो ओव्या त्या त्या बायांच्या आवाजात मुद्रित झाल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आल्या आहेत, गाणाऱ्या बाईच्या नावासकट आणि गावासकट. मोठमोठ्या गवयांचे आवाज गेले, आणि ज्यांना कुणी गायिका म्हटलं नाही अशा बायांचे आवाज राहिले. हे वाचून मला उगाचच आनंद झाला.

आमच्या तुळिंजहून रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की सोपारा. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ मध्ये जवळच भुईगावला नवव्याचा. दगड बावीसशे वर्षं टिकला होता, पण तो वाचता आला कारण १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली होती. त्याआधी शतकानुशतकं लोक अशोकाच्या अक्षरांसमोरून जात येत होते आणि ती मुकी होती. वर्गात हे शिकवताना मी म्हणत असे, दगड टिकणं निम्मं काम, लिपी टिकणं उरलेलं निम्मं. आवाजाचंही तेच आहे. नमुने म्हणजे अक्षरं, आणि ४८,००० की ४४,१०० ही त्यांची लिपी. नुसते आकडे जपून भागत नाही, ते कोणत्या चालीने वाचायचे हेही जपावं लागतं.

सीडी आता जवळपास गेलीच. नव्या लॅपटॉपला ती घालायला फटही नसते. पुढेही नवं काही येईल आणि पुन्हा एका आकड्यातून दुसऱ्यात जावं लागेल. तेव्हा हे वाचणाऱ्या आमच्या नातलगांना आणि ब्लॉगवरच्या मित्रांना एवढंच सांगणं आहे. घरातल्या कपाटात आजीची, मामांची, कुणाच्या मुंजीची कॅसेट पडली असेल तर ती याच वर्षी उतरवून घ्या. उतरवलेली पहिली फाइल कधी पुसू नका, नक्कल करून मग काय ते करा. आवाज जपायचा असेल तर ती फाइल व्हॉट्सॲपवर पिळून पाठवू नका, जशीच्या तशी द्या. आणि सोबत एका कागदावर लिहून ठेवा: कोण गातंय, कुठे, कोणत्या साली, किती मिनिटं, सेकंदाला किती नमुने. मिनिटं लिहायला विसरू नका. बाकी सगळं चुकलं तरी तेवढ्यावरून पुढचा कुणीतरी हिशेब लावील.

आक्काची दुरुस्त केलेली फाइल माझ्याकडे आहे. ज्यांच्याकडे ती जड आवाजाची सीडी असेल त्यांनी कळवावं, बरोबर आवाज पाठवतो. २४ मिनिटं ३० सेकंद.